उन्हाची ओळ

मला अक्षरं उशिरा आली, तेव्हा लिहिताना ओळ वाकडी गेली तर गेली. मळ्यातला वाफा मात्र मी जन्मात कधी वाकडा पाडला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा बाजार मालेगावच्या रस्त्याला लागून भरायचा, दर बुधवारी. बाजाराच्या जागेत पाच चिंचा एका ओळीत उभ्या. त्यांच्याखाली जो बसला त्याची भाजी दिवेलागणीपर्यंत हिरवी राहायची, आणि जो समोर उघड्यावर बसला त्याची मेथी दुपारी बारालाच मान टाकायची. चिंचेखाली कुणी बसायचं हे सरकार ठरवत नव्हतं, पाटीलही ठरवत नव्हता. ते आट्यापाट्या ठरवायच्या.

होळी झाली, धुळवड झाली, की दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर वरचं गाव आणि आमची मळेवस्ती यांचा सामना व्हायचा. जिंकेल त्यानं वर्षभर चिंचेची ओळ घ्यायची, हरेल त्यानं उन्हाची. बरोबरी झाली तर जुनाच धनी. शिवाय उन्हाच्या ओळीत खुंट ठोकायला मनाई होती. कधी काळी कुणी पालासाठी खुंट ठोकला, दुसऱ्या वर्षी त्या खुंटाभोवती झोपडी उभी राहिली, आणि तिसऱ्या वर्षी तो गडी म्हणू लागला की ही जागा माझ्या बापाची. तेव्हापासून पंचांनी खुंटच बंद केला. खुंट नाही म्हणजे पाल नाही, आणि पाल नाही म्हणजे सावली नाही.

मी लग्न होऊन आल्यापासून चिंचा वरच्या गावाकडेच होत्या. आणि ते विकायचे काय? तर वाळल्या मिरच्या, लसूण आणि तुरीची डाळ! त्यांच्या मिरच्यांना ऊन लागलं असतं तर त्या उलट खडखडीत झाल्या असत्या. निम्म्या सावलीत तर ते बैल बांधायचे. समोर माझी कोथिंबीर करपत असायची आणि तिकडे बैल डोळे मिटून रवंथ करत असायचे. त्या बैलांचासुद्धा मला राग यायचा.

भाजीचं काय घेऊन बसलात म्हणा. त्या ओळीत माझी कूस दोनदा रिकामी झाली. पहिल्या खेपेला चौथा महिना होता, दुसऱ्या खेपेला सहावा. दुसऱ्या वेळी मी वांग्यांच्या टोपलीवरच आडवी झाले होते, आणि शुद्धीवर आले तेव्हा बाया लुगड्यांचा आडोसा करून मला घेरून उभ्या होत्या. मग सुरू झालं एकेकाचं. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणालं पाय चांगला नाही. अरे, बाधा कसली आणि पाय कसला! ऊन होतं ते, नुसतं ऊन. पण ऊन सगळ्यांनाच लागतं, मग हिलाच काय झालं, असं म्हणून लोक मोकळे.

घरी बसायचं होतं, असं तुम्हीही म्हणाल. सासूच्या डोळ्यांत फूल पडलेलं, पुरुषमाणूस मोटेवर, आणि दोन बुधवार जागा रिकामी दिसली की ती गेलीच म्हणून समजा. छत्री आमच्यात कुणी पाहिली होती? डोक्यावर टोपली धरली तर तराजू कोणत्या हातानं धरायचा? तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी बोटं मोजली. होळीला पाचवा महिना लागत होता. म्हणजे चैत, वैशाख, जेठ, तिन्ही महिने मी पोटुशी आणि वर ते ऊन. मला त्या दिवसापासून झोप लागेना.

मी घरधन्याला सरळ सांगितलं, "या वर्षी चिंच पाह्यजे मले. नाई तं हेही जाईन, आन् याच्यासंगं मीही जाईन."

बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. दुसऱ्या दिवशी गडी गोळा करायला बाहेर पडले आणि संध्याकाळी खाली मान घालून परत आले. वस्तीतले धडधाकट जवान सगळे कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला गेलेले. मागं उरले ते मोजून नऊ. आट्यापाट्यांना नऊच लागतात, एवढाच काय तो देवाचा उपकार.

पण ते नऊ कसे! एक जाडा शेजारी, स्वतःच्याच काकड्या खाऊन फुगलेला. धावायचं म्हटलं की खाली बसायचा. एक आमचा चुलतदीर, रातांधळा. दिवसा घारीसारखी नजर, पण सूर्य टेकला की भिंतीला हात लावत घर गाठायचा. वैद्यानं त्याला हिरवा पाला खा म्हणून सांगितलं होतं. मळ्यात पाल्याचे ढीग, पण हा म्हणे, "तो बाजाराचा हाय, खायाचा नाई." एक आबाजी, म्हणजे घरधन्याचे चुलत आजोबा, चिंचेखाली बसल्याची आठवण असलेला वस्तीतला एकुलता एक माणूस, गुडघे गेलेला. बाकीच्यांत कुणी लंगडा, कुणी भित्रा, कुणी दोन पावलांत दम लागणारा. आणि आमचे घरधनी? त्यांना गुदगुल्या व्हायच्या. हसू नका. शिवाशिवीच्या खेळात गुदगुल्या होणारा माणूस! समोरच्यानं नुसती बोटं हलवली तरी हे हसून जमिनीवर लोळायचे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत फूटभर रुंदीच्या नऊ आडव्या पाट्या उकरायच्या. एका बाजूचे नऊ गडी एकेका पाटीत उभे राहतात. पाटी सोडायची नाही, आडवंच सरकायचं आणि कुणाला पलीकडं जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या बाजूच्यांनी कुणाचा हात न लागू देता सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तशाच परत यायच्या. परत आला की एक लोण झालं, आणि त्या गड्याची पाळी संपली. हात लागला की गडी बाद, आणि मैदानाच्या कडेची रेघ ओलांडली तरी बाद.

पंधरा दिवस आमच्या मळ्यात हाच खेळ चालला. तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ही माणसं धावायला लागली की मुरमुऱ्यासारखी उडायची, पण पाटीत उभी केली की हलत नव्हती. हलतील कशी? जन्म गेला वाफ्याला पाणी देण्यात. सरीतून आडवं सरकायचं, वरंब्याला पाय लागू द्यायचा नाही, हे त्यांच्या पायांना आपोआप यायचं. जाडा तर पाटीत उभा राहिला की निम्मी पाटी त्यानंच भरायची. मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता हे पाहिलं आणि माझ्या जिवाला कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटलं.

घरधन्यांचं काम मी अंगावर घेतलं. जोंधळ्याचं धाट घ्यायचं आणि ते जेवत असोत, झोपत असोत, बगलेत खुपसायचं. पहिले आठ दिवस ते लोळून लोळून हसले. सासू आंधळी बिचारी. तिला वाटलं आमचं काही भलतंच चाललंय. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "दिवसाढवळ्या काय चालू हाय तुमचं? लाज धरा!" मी हसत नव्हते. मी दात खाऊन खुपसत होते, आणि एक दिवस तर मला रडूच कोसळलं. ते हसता हसता थांबले, माझ्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "खुपस. आता नाई हासत." त्या दिवसापासून खरंच हसले नाहीत.

सामन्याचं मैदान करायचं काम हरणाऱ्यांकडे असायचं, म्हणजे आमच्याकडेच. पाट्या उकरायच्या आणि धूळ बसावी म्हणून पाण्याचा सडा टाकायचा. बाजाराच्या कडेलाच आमची विहीर. आबाजींनी सकाळी सांगितलं, "पानी द्या रे जमिनीले." बस्स. आमच्या लोकांना पाणी द्या म्हटलं की एकच ठाऊक. त्यांनी मोट जुंपली, पाट काढला, पाटाचं दारं मोडलं आणि पहिल्या पाटीपासून नवव्या पाटीपर्यंत एकेक सरी भरत मैदानाला मेथीच्या वाफ्यासारखं टच्च पाणी दिलं! वर हात धुऊन, छान काम झालं म्हणून विडी ओढत बसले. मी भाकरी घेऊन गेले तर मैदानात चिखलाचा नुसता रबडा, आणि त्यात बगळा येऊन उभा.

"कोनी सांगतलं व्हतं एवढं?" मी ओरडले.

जाडा म्हणाला, "वयनी, कमी पानी देल्लं तं मुळाले पोचत नाई."

कपाळ माझं! कुणाच्या मुळाला?

वरचं गाव आलं, किन्हीराजा गावाकडून बघे आले, आणि चिखल बघून जो हशा पिकला तो माझ्या कानात अजून आहे. वरच्या गावचे म्हणाले, यांना बाद करा. पंचांतले एक म्हातारे होते, त्यांनी चिखलात काठी रुतवून पाहिली आणि म्हणाले, "वाळू द्या. दिवस कलला की खेळा." तिथंच आमचा घात झाला, पण ते तेव्हा कुणाला कळलं नाही. उलट आम्हाला वाटलं, वाचलो.

खेळ सुरू झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. वरून जमीन सुकली होती, आत ओल होती. वरच्या गावचे पहिलवान गडी धावत आले की घसरायचे, आणि आमची ध्यानं सरीत उभी असल्यासारखी घट्ट. जाड्यानं दोघांना नुसतं पोटानंच अडवलं, मग हात लावला. लोक आधी हसत होते ते हळूहळू पुढं सरकून पाहू लागले. वरच्या गावाची पाळी संपली तेव्हा त्यांची दोनच लोणं झाली होती. एरवी ते सहा-सात करायचे.

मग आमची पाळी आली आणि जीव टांगणीला लागला. लंगडा पहिल्याच पाटीत बाद. जाडा दुसऱ्या पाटीपर्यंत गेला आणि खाली बसला. आबाजींनी मात्र एक लोण आणलं. कसं आणलं विचारू नका. पळाले नाहीत, चालत गेले आणि चालत आले. समोरच्याला वाटलं म्हातारा आता थांबेल, मग थांबेल, आणि म्हातारा थांबलाच नाही. दुसरं लोण घरधन्यांनी आणलं. एका पाटीवर समोरच्यानं त्यांचं गुपित ओळखून बोटं नाचवली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते ओठ रक्त येईस्तोवर चावत पलीकडे निघून गेले होते.

दोन आणि दोन. बरोबरी म्हणजे चिंच त्यांचीच. आमचा एकच गडी उरला होता, तो म्हणजे चुलतदीर. तो सुटला आणि हरणासारखा नऊच्या नऊ पाट्या ओलांडून पलीकडच्या टोकाला पोचला. माणसं उभी राहिली. आता फक्त परत यायचं होतं.

आणि तिथं तो थांबला. सूर्य टेकला होता. आम्हाला सगळं नीट दिसत होतं, चांगला उजेड होता हो! पण त्याच्यासाठी दिवस संपला होता. त्यानं हात पुढे केले आणि भिंत शोधावी तसे हवेत फिरवले. वरच्या गावच्या लोकांना कळायच्या आत मला कळलं. सकाळी नुसता सडा टाकला असता तर हा खेळ भर दुपारी संपला असता.

माझ्या पोटात त्या क्षणी बाळानं लाथ मारली, की मला तसं वाटलं, देव जाणे. मी चिंचेच्या बुंध्याशी उभी होते, मैदानाच्या बाजूला. बाईमाणसानं भर सभेत तोंड उघडायची रीत नव्हती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "भाऊजी! इकडे! इकडे या, भाऊजी!"

त्याला माझा आवाज ओळखीचा. त्याच आवाजानं मी त्याला रोज संध्याकाळी जेवायला बोलवायची, आणि तो त्या आवाजावर चालत घरात यायचा. त्याच्या तोंडावर हसू आलं. तो वळला आणि मोठ्या विश्वासानं पळत सुटला. पाट्यांकडे नाही, माझ्याकडे. कडेची रेघ ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि धापा टाकत म्हणाला, "झालं नं वयनी, लोन?"

वरच्या गावानं टोप्या उडवल्या. मी तिथंच मातीत बसले. माझ्याच तोंडानं मी माझी सावली घालवली होती.

घरी कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. रात्री भाकरी तशाच राहिल्या. चुलतदीर दारात बसून एकच म्हणत होता, "चूक माही हाय." मी म्हटलं, "माही हाय, गप्प बसा." तेवढंच आमचं बोलणं.

चैताचा पहिला बुधवार आला. मी टोपली घेऊन उन्हाच्या ओळीत बसले. दहा वाजेतो डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं पिवळं पिवळं. मनात म्हटलं, बाळा, जमेल तेवढं धर. तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. वर पाहिलं तर जाडा. नुसता येऊन उभा राहिला, सूर्याकडे पाठ करून.

"काय वो, काय पाह्यजे?" मी विचारलं.

"काई नाई. उभा हाय."

त्याच्या मागून घरधनी, चुलतदीर, आबाजी, सगळे आले. मोट सोडून आले होते. त्यांनी अंगावर घ्यायच्या दोन पासोड्या एकमेकींना शिवून आणल्या होत्या. चौघांनी चार कोपरे धरले आणि माझ्या डोक्यावर ताणून उभे राहिले. उरलेले मागं थांबले, हात भरून आला की कोपरा बदलायला. ऊन सरकलं की चौघं एकदम आडवे सरकायचे, एक पाऊल, दोन पाऊल, पाटीत सरकावं तसे. माझी मेथी, मी, आणि शेजारच्या दोन बाया, सगळ्या सावलीत.

वरचं गाव धावून आलं. ही मनाई मोडली म्हणाले, पाल उभा केला म्हणाले. पुन्हा तेच म्हातारे पंच काठी टेकत आले. त्यांनी चारी कोपरे फिरून पाहिले, जाड्याच्या पायाशी वाकूनही पाहिलं, आणि म्हणाले, "खुंट ठोकाले मनाई हाय. हे तं मानसं हायत. मानसाले कोनी ठोकलं काय?"

चिंचेखालून कुणीतरी ओरडलं, "पाहू, किती दिवस उभे राह्यता ते!"

ते उभे राहिले. चैत राहिले, वैशाख राहिले, जेठ राहिले. दर बुधवारी आमची मोट बंद, आणि आमच्या विहिरीला पाणी तेवढंच की एक दिवस चुकला की वाफा गेला. निम्मी मेथी वाळली, काकडीचे वेल जळाले. जाड्याच्या खांद्यांची सालं निघाली. मी म्हणायचे, पुरे आता, मळा मरून राह्यला. घरधनी म्हणायचे, मेथी पुन्हा पेरता येते. त्यांनी आयुष्यात मला म्हटलेलं सगळ्यात मोठं वाक्य हेच असेल.

आबाजींना मी कोपरा धरू देत नव्हते. ते ऐकायचे नाहीत. वैशाखातल्या एका बुधवारी दुपारी बदलीचे गडी पाणी प्यायला गेले आणि म्हाताऱ्यानं एक कोपरा धरला तो सोडलाच नाही. त्यांचे गुडघे लटलटत होते, ते मला खाली बसल्या बसल्या अगदी समोर दिसत होते. पासोडीच्या सावलीच्या बाहेर त्यांचं डोकं उन्हात.

मी म्हटलं, "आबाजी, बसा नं थोडं. मले काई होत नाई."

ते खाली न बघताच म्हणाले, "मी बसलो तं सावली बसते, पोरी."

त्याच रात्री त्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी गेले. लोक म्हणाले, वय झालं होतं. माझ्या वेळी बाधा म्हणाले, त्यांच्या वेळी वय म्हणाले. उन्हाचं नाव कुणी घेतलं नाही.

श्रावणात मला लेक झाली. जिवंत, काळीसावळी, ओरडणारी. जाड्यानं तिला हातात घेतलं आणि म्हणाला, हिचा आवाज वयनीवर गेला. सगळे हसले, चुलतदीरही हसला. मग जाड्यानं सवयीनं माणसं मोजली, नऊ जणांतले आठच तिथं होते.

पुढं खेळ बंद पडला, खुंटाची मनाईही गेली. आता ज्याला वाटेल तो वाटेल तिथं पाल ठोकतो. लेक चिंचेखाली दुकान मांडते. मला अक्षरं तिनंच शिकवली, रिकाम्या दुपारी, भाजीच्या टोपलीआड. पण मी तिच्याजवळ चिंचेखाली बसत नाही. समोरच्या ओळीत, आबाजींचा कोपरा जिथं होता तिथं टोपली मांडते. ती रागावते, "आई, काहून बसतं तिथं उन्हात? इकडे ये नं, इकडे!"

ती हाक मारते तो आवाज माझाच आहे. मी ऐकते, आणि तरी उठत नाही.